ऑक्टाव्हिया आरएसची गिअरबॉक्स गळती, घूं आवाज आणि चेंबूरचं आधी शोधणारं, मग उघडणारं गॅरेज

साडेचार लाखाचं एस्टिमेट खिशात घेऊन मी ह्या गॅरेजच्या दारात उभा होतो आणि त्याच्या जवळपास एक दशांशात गाडी ठणठणीत होऊन घरी आली. पैसे वाचले ते आहेच, पण मला इथे जास्त सांगायचंय ते ह्या लोकांच्या तपासायच्या पद्धतीबद्दल, कारण मुंबईत पार्ट बदलणारे चिक्कार भेटतात, नेमका बिघाड शोधून देणारे फार कमी. लांबलचक लिहितोय, पण ज्यांच्याकडे डीएसजीवाली (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली) गाडी आहे त्यांनी पूर्ण वाचा, उपयोगी पडेल.

गाडी आधी सांगतो. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ चं मॉडेल, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि सहा गिअरचा वेट क्लचवाला (म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेला) डीएसजी. हा जो गिअरबॉक्स आहे त्याचं नाव डीक्यू २५०, फोक्सवॅगन ग्रुपने २००३ च्या सुमारास गोल्फ आर३२ आणि ऑडी टीटीमध्ये पहिल्यांदा आणला तोच. आता ह्याचं टॉर्कचं रेटिंग पण ३५० न्यूटन मीटरच आहे, म्हणजे आरएसमध्ये हा गिअरबॉक्स कंपनीतून निघतानाच काठावर आहे, आणि त्यावर रिमॅप मारून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) चारशेच्या पुढे टॉर्क ओढणारे आपल्याकडे भरपूर. माझी गाडी स्टॉक आहे, पण गॅरेजवाल्या काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "दादा, मॅप मारलाय का? खरं सांगा, मी ओरडणार नाही," आणि नाही म्हटल्यावरसुद्धा स्कॅनर लावून बघून घेतलंच. मला आवडलं ते.

अजून एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण ह्यावरच पुढचा सगळा खेळ आहे. आपल्याकडच्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियात येतो तो डीक्यू २००, सात गिअरचा, ड्राय क्लचवाला, त्यात गिअरचं ऑइल वेगळं आणि मेकाट्रॉनिकचं (गिअर आणि क्लच हलवणारं कंट्रोल युनिट) वेगळं. आरएस २३० मधल्या डीक्यू २५० मध्ये क्लच, गिअर, मेकाट्रॉनिक, डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) सगळे एकाच ऑइलवर जगतात. तेच ऑइल क्लच थंड ठेवतं, तेच प्रेशर बनवून गिअर टाकतं, तेच बेअरिंगांना वंगण देतं. आणि ह्याला डिपस्टिक नाही. लेव्हल कमी झाली तर डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. गिअर झटका द्यायला लागेपर्यंत किंवा क्लच तापेपर्यंत आतमध्ये किती ऑइल राहिलंय हे तुम्हाला गाडीत बसून कळायला काही मार्गच नाही. म्हणून ह्या गाडीत खाली एक थेंब दिसला तरी त्याच्या मागे लागायचं, "बघू नंतर" चालत नाही.

तो थेंबही मला स्वतःला दिसला नाही. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, माझी गाडी वरच्या पॅलेटवर, खालच्या स्लॉटवाल्या काकांच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर तपकिरी ठिपके पडायला लागले. आता ह्या गाडीला खाली मोठं प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ते गळलेलं ऑइल साठवून ठेवतं, मग कव्हर भरून कडेवरून ओघळायला लागलं की खाली दिसतं. म्हणजे ठिपके दिसले तेव्हा गळती सुरू होऊन बराच काळ झालेला असणार. त्याच सुमाराला दुसरी गोष्ट पण चालू होती, ५०-६० च्या वर गेलं की कुठूनतरी घूंऽऽ असा आवाज, लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखा, वेग वाढवला की आवाज वाढतो, कमी केला की खाली येतो. आणि तिसरं म्हणजे सकाळी स्टार्ट केल्यावर आयडलला हलकी खडखड.

ऑइल गळतंय, आवाज येतोय, खडखड आहे, म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं कुणालाही वाटेल. मी आधी ज्या वर्कशॉपला गेलो (नाव घेत नाही, चकचकीत जागा, कॉफी मशीन वगैरे सगळं आहे) त्यांनाही तेच वाटलं. गाडी लिफ्टवर घेतली, खालून बघितलं, सगळा गिअरबॉक्स ओला दिसला, स्कॅनर लावला तर फॉल्ट कोड एकही नाही, तरी पंधरा-वीस मिनिटांत निकाल तयार: डिफरन्शिअलचं बेअरिंग गेलंय, मेकाट्रॉनिक पण बदलून टाकू, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, साडेचार लाख. मी विचारलं की बेअरिंगच आहे हे कशावरून, तर म्हणे "आवाज येतोय ना सर, आणि ऑइल पण गळतंय." तोपर्यंत काय करू विचारलं तर म्हणे थोडं ऑइल टॉप-अप करून देतो. कुठल्या तापमानाला, किती, काही नाही. तिथून गाडी घेऊन मी निघालो.

ह्या गॅरेजचा पत्ता मला ऑफिसमधल्या एकाने दिला. चेंबूरच्या पांजरापोळच्या बाजूला एका अरुंद गल्लीत, दोन लिफ्ट, वर पत्र्याचं छप्पर, बोर्ड पण नीट दिसत नाही. फक्त फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी घेतात. मालक काका साठीच्या आसपास, हाताखाली त्यांचा भाचा आणि अजून दोन मुलं. काकांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "तपासायचे अडीच हजार वेगळे घेईन, काम इथे केलंत तर बिलातून वजा करीन, नाही केलंत तरी काय झालंय ते कागदावर लिहून देईन, कुठेही जाऊन करा." मला ही पद्धत शंभर टक्के पटली. जिथे तपासणी फुकट असते तिथे तपासायला वेळ देणं त्यांना परवडतच नाही, मग ते पार्ट विकूनच पैसे काढणार ना.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं, तर काका म्हणाले, "थांबा, तुम्ही तीन तक्रारी एकत्र सांगताय. गळतीचं वेगळं, घूंचं वेगळं, खडखडीचं वेगळं. तिघांचा संबंध असेल तर तो आपोआप समोर येईल, आपण आधीच जोडायचा नाही." गाडीच्या बाबतीत इतकं सरळ वाक्य मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

सुरुवात त्यांनी आवाजापासून केली, आणि गाडी लिफ्टवर न घेता रस्त्यावर काढली. गॅरेजच्या जवळच ईस्टर्न फ्रीवे लागतो, सकाळी लवकर मोकळा असतो, आणि तिथे बोगदा पण आहे, काच खाली करून बोगद्यातनं गेलं की भिंतीवर आपटून येणारा आवाज कुठल्या बाजूचा आहे ते जास्त स्पष्ट कळतं. गाडी काकांनी चालवली, मी बाजूला बसलो, आणि ते करता करता समजावून सांगत होते.

एकसारखा वेग धरला, मॅन्युअल मोडला टाकून त्याच वेगात तिसरा, चौथा, पाचवा असं करून बघितलं. इंजिनचा आवाज प्रत्येक गिअरला बदलला, पण घूं मात्र तसाच, त्याच सुरात. काका म्हणाले, हा आवाज गिअरच्या दात्यांचा किंवा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असता तर गिअर बदलल्यावर सूर बदलला असता. आणि ह्या गिअरबॉक्सात एक सोय आहे, एक-तीन-पाच आणि रिव्हर्स एका क्लचवर, दोन-चार-सहा दुसऱ्यावर, म्हणजे आवाज फक्त सम किंवा फक्त विषम गिअरला आला असता तर कुठल्या शाफ्टकडे बघायचं ते गाडी न उघडता कळलं असतं. इथे तसं काहीच नव्हतं. मग पुढे-मागे कुणी नाही बघून त्यांनी क्षणभर न्यूट्रलला टाकलं, इंजिन चालूच ठेवून. इंजिन आयडलला आलं आणि घूं चालूच. म्हणजे आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला आहे, इंजिनच्या आरपीएमशी नाही. इथेच इंजिनकडचा अर्धा गिअरबॉक्स संशयातून बाहेर पडला. राहिलं काय तर डिफरन्शिअल, ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), व्हील बेअरिंग आणि टायर.

मग मोकळ्या लेनमध्ये गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवली. स्टिअरिंग डावीकडे वळलं की आवाज चढायचा, उजवीकडे वळलं की जवळपास बंद. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे संशय उजव्या बाजूवर. टायरचा आवाज असा एका बाजूला झुलवल्यावर एवढा बदलत नाही, तो रस्ता बदलल्यावर बदलतो, डांबर ते काँक्रीट. मी हे सगळं आधी कुठेकुठे वाचलेलं होतं, पण शेजारी बसून कुणी एकेक करून दाखवलं की ते डोक्यात बसतं.

परत आल्यावर पुढची दोन्ही चाकं लिफ्टवर लटकती ठेवून भाच्याने उजवं चाक हाताने फिरवलं आणि काकांनी मला सांगितलं, स्प्रिंगवर हात ठेवा. सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तळहात लावला तर बारीक खरखर हाताला जाणवत होती, वाळू चुरडल्यासारखी नाही, त्याहून बारीक, पण सलग. डाव्या बाजूला तेच केलं तर स्प्रिंग एकदम शांत. कानाला काही ऐकू येत नव्हतं कारण चाकावर भार नव्हता, पण हाताला कळत होतं. तरी काका तिथे थांबले नाहीत, चिमटे असलेले छोटे मायक्रोफोन पुढच्या दोन्ही नकलला (चाकाचं हब धरणारा भाग) आणि गिअरबॉक्सच्या बॉडीला लावले, वायर आत घेतली, हेडफोन मला दिला आणि परत एक चक्कर. बटण दाबून एकेक मायक्रोफोन ऐकायचा. गिअरबॉक्सवर नुसती गुणगुण, डाव्या नकलवर रस्त्याचा आवाज, उजव्यावर गेलो आणि घूं एकदम कानात शिरला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी चाललं होतं. आवाज पुढच्या उजव्या हब बेअरिंगचा, आणि साडेचार लाखाला उतरवायला निघाले होते गिअरबॉक्स.

आपल्या रस्त्यांवर हे व्हायचंच. आरएसला बारीक साइडवॉलचे १७ इंची टायर आहेत, पावसात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, चाक धाडकन आपटतं, तो सगळा मार बेअरिंगच्या गोळ्यांच्या वाटेवर बसतो, आणि मग काही महिन्यांनी घूं सुरू होतो. खड्डा विसरलेला असतो तोपर्यंत.

आता गळती. ह्याला त्यांनी जास्त वेळ घेतला आणि मला हाच भाग सगळ्यात आवडला. खालचं कव्हर काढल्यावर सगळंच ओलं, गिअरबॉक्सचं बूड, सबफ्रेम, मागच्या बाजूची प्लॅस्टिकं. काका म्हणाले, ओलं दिसतंय तिथून गळत नसतं, वारा मागे ढकलतो आणि फिरणारा ड्राइव्ह शाफ्ट चहूकडे उडवतो, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा. आधी ते ऑइल कुठलं हे ठरवलं. टिश्यूवर घेऊन बघितलं, इंजिनचं वापरलेलं ऑइल काळं असतं, हे तपकिरी आणि वासाला वेगळं. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं, कारण ह्या गिअरबॉक्सचा ऑइल कूलर कूलंटवर चालतो, तो आतून फुटला तर बाहेर एक थेंब न गळता ऑइल आणि कूलंट एकमेकात जातात आणि दुधाळ गाळ होतो. टाकी स्वच्छ गुलाबी. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथली खालची फट बघितली, ती कोरडी होती, म्हणजे इंजिनचं मागचं क्रँक सील आणि क्लचच्या बाजूचं कव्हर दोन्ही ठीक. हे जर ओलं असतं तर खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागला असता, त्यामुळे ती फट कोरडी बघून माझा जीव भांड्यात पडला.

गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर सोडायला. तो चिखलाने बंद झाला तर आत प्रेशर बनतं आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं, मग तुम्ही कितीही सील बदला, परत गळणार. हे बघितल्याशिवाय सीलला हात लावायचा नाही असं काकांचं म्हणणं. माझा ब्रीदर मातकट होता पण मोकळा होता, तो साफ केला.

नंतर सगळं खालून डिग्रीजर मारून धुतलं, कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवलं, आणि भाच्याने ब्रशने गिअरबॉक्सच्या सगळ्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर मारली. फिल्टरच्या हाउसिंगभोवती, कूलरखाली, मेकाट्रॉनिकच्या कव्हरच्या कडेला, वायरिंगच्या मोठ्या गोल प्लगला, दोन्ही ड्राइव्ह फ्लँजभोवती (गिअरबॉक्सची ज्या चकतीला ड्राइव्ह शाफ्ट जोडतात ती). गाडी पांढरीफटक. परत एक फेरी मारून आणली आणि लिफ्टवर घेतली. बाकी सगळीकडे पावडर कोरडी, आणि डाव्या फ्लँजच्या सीलच्या खालच्या ओठापासून निघालेला एक तपकिरी ओघळ, बोटभर लांब, अगदी रेघ मारल्यासारखा. त्या एका रेघेने सगळा वाद मिटला. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

आणि बघा, गळती डाव्या बाजूला, घूं उजव्या बाजूला. दोघांचा काही संबंध नाही.

तरी काका म्हणाले अजून एक गोष्ट बाकी आहे. डिफरन्शिअलचं बेअरिंग ढिलं असेल तर फ्लँज डोलतो आणि डोलणारा फ्लँज नवीन सील पण खाऊन टाकतो. म्हणजे आधीच्या वर्कशॉपचा संशय तपासायलाच हवा होता, फक्त तो त्यांनी तपासला नव्हता, नुसता बिलात लिहिला होता. इथे ड्राइव्ह शाफ्ट सोडवून फ्लँजला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) लावलं, फ्लँज वरखाली हलवून बघितला, काटा जवळजवळ जागचा हलला नाही. बेअरिंग ठीक. फ्लँज बाहेर काढल्यावर मात्र खरं कारण दिसलं, सीलचा ओठ जिथे घासतो तिथे एक बारीक चर पडला होता. काकांनी माझं बोट धरून तिथे नख फिरवायला लावलं, नख अडकत होतं. ह्याच फ्लँजवर नुसतं नवीन सील बसवलं असतं तर नवा ओठ त्याच चरात बसला असता आणि काही महिन्यांत खालच्या काकांचं बॉनेट परत तपकिरी. म्हणून फ्लँज पण नवीन घेतला. मला विचारून, किंमत सांगून, मग.

ऑइल काढलं ते एका स्वच्छ पांढऱ्या बादलीत, पेंटच्या जाळीतून गाळून, आणि त्यात मॅग्नेट फिरवलं. फिल्टर कापून त्याच्या घड्या पेपरवर पसरून दाखवल्या. राखाडी बारीक गाळ होता, तो क्लचच्या घर्षणाचा, वेट क्लचमध्ये तो यायचाच. चकाकणारे तुकडे, पापुद्रे असले तर बेअरिंग किंवा गिअरचे दात, तसं काही नव्हतं. हे सगळं मला समोर उभं करून दाखवलं, "मी सांगतो म्हणून मानू नका, तुमच्या डोळ्यांनी बघा" हे त्यांचं नेहमीचं वाक्य असावं, कारण बाजूच्या ऑडीवाल्यालाही तेच म्हणत होते.

आता लेव्हलची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच घालतात. डीक्यू २५० मध्ये ऑइलची लेव्हल बघायची ती खालच्या ड्रेन प्लगमधूनच. प्लगच्या आत एक प्लॅस्टिकची उभी नळी असते, त्या नळीच्या उंचीएवढं ऑइल राहिलं पाहिजे, जास्तीचं नळीतून बाहेर येतं. पण हे ऑइल ३५ ते ४५ डिग्रीच्या मधे असतानाच बघायचं, इंजिन चालू ठेवून, सिलेक्टर पी-आर-एन-डी सगळीकडे थोडा थोडा वेळ फिरवून परत पी ला आणून. ऑइल गरम झालं की फुगतं, मग गरम असताना प्लग उघडला तर जास्त बाहेर येतं आणि थंड झाल्यावर लेव्हल कमी. आणि फार थंड असताना भरलं तर नंतर जास्त. मुंबईत गंमत अशी की दुपारी ट्रॅफिकमधून आलेली गाडी आत चांगलीच तापलेली असते, बाहेर हवाच तेहेतीस-चौतीस डिग्री, ती पस्तीस-चाळीसला उतरायला तासन् तास जातात. म्हणून हे लोक लेव्हलसाठी गाडी रात्रभर ठेवून घेतात आणि सकाळी पहिलं काम हेच करतात, स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान लाइव्ह बघत. काम सुरू करायच्या आधी त्यांनी जुन्या ऑइलची लेव्हल अशीच बघितली होती तेव्हा प्लग काढल्यावर नळीतून एक थेंब आला नव्हता, जवळपास पाऊण लिटर आत ढकलल्यावर मग ठिबकायला लागलं. पाऊण लिटर कमी. तरी डॅशबोर्ड शांत. आधीच्या वर्कशॉपला "थोडं टॉप-अप" करू दिलं असतं तर ते किती भरलं आणि किती राहिलं हे कुणालाच सांगता आलं नसतं.

नवीन ऑइल कंपनीच्या जी ०५२ १८२ स्पेसिफिकेशनचं, नवा फिल्टर, नळीच्या प्लगचं वॉशर नवीन. तसंही हे ऑइल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. सेकंड हँड आरएस घेणाऱ्यांनी ह्या सर्व्हिसचं बिल मागूनच घ्या, "लाइफटाइम ऑइल आहे" असं कुणी सांगितलं तर सरळ उठून या.

हब बेअरिंगसाठी त्यांनी दोन पर्याय दिले, कंपनीच्या डब्यातलं किंवा एफएजीचं, किमतीत बराच फरक. मी एफएजी घेतलं. एक्सलचा मधला मोठा बोल्ट नवीनच टाकला, तो एकदाच वापरायचा असतो, टाइट करताना ताणला जातो. आणि तो बोल्ट ढिला असताना गाडी चाकावर उभी करायची नाही, नाहीतर नवीन बेअरिंग जागेवरच खराब होतं. हे भाचा नव्या मुलाला शिकवत होता, मी ऐकलं.

खडखडीचं काय, तर ती ड्युअल मास फ्लायव्हीलची (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली, हादरे शोषणारी दुहेरी जड चकती). ह्या गिअरबॉक्सवाल्या गाड्यांना थोडीफार असतेच, आयडलला ऐकू येते, डी ला टाकलं की बदलते, आरपीएम वाढवलं की जाते. काकांनी स्टेथोस्कोप लावून बेल हाउसिंगवर (फ्लायव्हीलभोवतीचं कव्हर) ऐकलं, गाडी बंद करतानाचा झटका बघितला, आणि सांगितलं की अजून बदलायच्या अवस्थेत नाही, बंद करताना ठण्ण आवाज यायला लागला किंवा स्टार्टला हादरे वाढले की या. फ्लायव्हील बदलणं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं, त्यांना मोठं बिल मिळालं असतं. नाही म्हणाले. इथे माझा पूर्ण विश्वास बसला.

आता कमी काय ते पण लिहितो, नाहीतर जाहिरात वाटेल. वेळ पाळत नाहीत. फ्लँज मागवायला लागला, दोन दिवसांत येईल म्हणाले होते, बराच उशीर झाला, आणि तेवढे दिवस गाडी लिफ्टवर अडकली होती, मला रिक्षा आणि हार्बर लाइनवर दिवस काढावे लागले. स्वतःहून फोन करून सांगत नाहीत, आपणच विचारायचं. बसायला जागा म्हणजे एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि टेबल फॅन. गल्लीत गाडी वळवणं म्हणजे परीक्षा, आरएसचा पुढचा लिप (बंपरखालची पट्टी) असेल तर तोंडाशी असलेल्या गटाराच्या झाकणापासून जपा, मी आधी उतरून बघितलं म्हणून वाचलो. खालच्या कव्हरचे दोन स्क्रू लावायचे राहिले होते, मी खाली वाकून बघितलं आणि दाखवलं, लगेच लावून दिले, पण बघायला लागलं हे खरं. जुने पार्ट मात्र न मागता डिकीत ठेवून दिले होते, पिशवीत, त्यावर मार्करने काय आहे ते लिहून.

बिल सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस हजाराच्या मधे, त्यात जवळपास निम्मं ऑइल, फिल्टर आणि फ्लँजचं. तपासणीचे अडीच हजार खरोखर वजा केले. बिल पक्कं, जीएसटीसकट, आणि वेगळ्या कागदावर काय काय तपासलं आणि काय ठीक निघालं ते पण लिहून दिलंय. हा दुसरा कागद मला बिलापेक्षा मोलाचा वाटतो. उद्या गाडी विकायला काढली तरी घेणाऱ्याला दाखवता येईल की क्रँक सील कोरडं होतं, डिफरन्शिअलला प्ले नव्हता, फ्लायव्हीलची अवस्था अमुक तारखेला अशी होती.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. काकांनी सांगितलं होतं म्हणून काही आठवड्यांनी परत नेऊन कव्हर काढून दाखवलं, फुकट बघितलं, डावा फ्लँज कोरडा, टिश्यू फिरवला तर पांढराच. फ्रीवेवर आता टायरचा आवाज ऐकू येतो, जो आधी घूंमध्ये दबून गेला होता. तिसऱ्यातून दुसऱ्यात खाली येताना जो एक हलका धक्का अधूनमधून जाणवायचा तो पण गेलाय, तो कमी ऑइलमुळे होता की जुन्या ऑइलमुळे ते सांगता येत नाही, पण गेला.

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा वेळेचा कापला. सकाळी नऊच्या आधी फोन करा, नंतर हात ऑइलमध्ये असतात आणि कुणी उचलत नाही. गळती असेल तर जायच्या आधी गाडी खालून धुऊन नेऊ नका, काकांना ती आहे तशी बघायची असते. आणि रात्रभर ठेवायच्या तयारीनेच जा.